इलेक्ट्रिक गिटार आणि छोटा अ‍ॅम्प: २५ हजारांतले जास्त पैसे कशावर घालायचे?

डोंबिवलीकर

भाच्याची दहावी झाली. तीन वर्षं अकूस्टिक शिकतोय, आता त्याला इलेक्ट्रिक हवी आहे. बहीण म्हणाली, "दादा, तूच बघ, पण सगळं मिळून २५ हजारांच्या वर जाऊ नकोस."

माझं मत आधी सांगतो, मग तुम्ही बोला. १७-१८ हजार गिटारला, हजार-दीड हजार सेटअपला (कारागिराकडून तारांची उंची, गळा नीट करून घ्यायला) आणि उरतील त्यात गिटारचा आवाज मोठा करून स्पीकरवर देणारा छोटा अ‍ॅम्प. गिटार, अ‍ॅम्प, बॅग, पट्टा, पिक असं सगळं एकाच खोक्यात देणारं किट अजिबात नको. माझी पहिली गिटार तशाच किटमधली होती. नटच्या (गळ्याच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) खाचा पुरेशा खोल कापलेल्याच नव्हत्या, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर (गळ्यावरची धातूची आडवी पट्टी) तार दाबायला इतका जोर लागायचा की एफ कॉर्ड धरला की अंगठा दुखायला लागायचा. शिवाय तार इतकी खाली ओढावी लागे की सूरच चढायचा. मोकळ्या तारा ट्यूनरवर बरोबर, कॉर्ड धरला की बेसूर. मला वाटायचं माझाच हात चुकतोय. आठ महिन्यांनी एका कारागिराने कानशीने नट घासून दिला आणि त्याच संध्याकाळी एफ वाजला. ते आठ महिने भाच्याचे जाऊ नयेत.

यामाहा पॅसिफिका ०१२, स्क्वायर सॉनिक, कॉर्ट एक्स १००, आयबानेझ जिओ ही नावं डोक्यात आहेत.

सहावी तार

नटचं पटलं, वाटणी अजिबात पटली नाही. इलेक्ट्रिक गिटारमध्ये निम्मं वाद्य अ‍ॅम्प असतो. पिकअपमधून (तारांचं कंपन विजेत बदलणारा भाग) येणारा सिग्नल नुसता ऐकलात तर तो पातळ आणि कोरडा लागतो. त्याला अंग येतं ते प्रीअ‍ॅम्प आणि स्पीकरमुळे. १२ हजारांची गिटार चांगल्या अ‍ॅम्पवर छान वाजते, पण ४० हजारांची गिटार तीन इंची स्पीकरवर लावा, डबा वाजल्यासारखी वाजेल.

त्यातून मुलगा अकूस्टिकवरून येतोय. त्याला छातीशी लाकूड घुमायची सवय आहे. इलेक्ट्रिक लावली आणि खेळण्यातल्या रेडिओसारखा आवाज आला तर महिनाभरात तो परत अकूस्टिक उचलेल. माझ्या क्लासमध्ये असे तिघे पाहिलेत.

म्हणून १३ हजार गिटारला आणि १२ अ‍ॅम्पला. निदान आठ इंची स्पीकर हवा. फेंडर मस्टँग एलटी २५ किंवा ऑरेंज क्रश २० सारखा एखादा, नवा बसत नसेल तर जुना बघा.

डोंबिवलीकर

@सहावी तार, आवाजाबद्दल वाद नाही. पण हातात काय येतं त्याचं काय? खराब आवाज मुलगा सहन करतो, कारण तो डोक्यात दुसराच आवाज ऐकत असतो. ट्यूनिंग न टिकणारी, तार उंच असलेली गिटार बोटांना सहन होत नाही. आणि अ‍ॅम्प दोन वर्षांनी बदलता येतो. हाताची सवय लागते ती गळ्यावर, फ्रेटवर.

आठ इंची स्पीकरचा अ‍ॅम्प दोन खोल्यांच्या घरात एकवर ठेवला तरी शेजारी दार वाजवतात. १० वॉट ऐकायला लहान वाटतं. पण १० वरून २० वॉट केले तर फरक पडतो फक्त ३ डेसिबलचा. आवाज दुप्पट वाटायला वॉट साधारण दहापट लागतात. म्हणजे १० वॉटचा अ‍ॅम्पसुद्धा आमच्या घरात पूर्ण उघडता येणार नाही.

सहावी तार

वॉट मी म्हटलंच नाही, स्पीकर म्हटलं. मोठा स्पीकर हळू आवाजातही खर्ज नीट देतो. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड तार तळव्याने दाबून वाजवा, चार इंचीवर नुसता 'टक' येतो, आठ इंचीवर 'धम्म' येतो. दुकानात हे एवढं एक करून बघा, मग मला सांगा.

चिपळूणचा पाऊस

दोघंही घराच्या वायरिंगबद्दल बोलत नाही आहात, म्हणून लिहिते.

आमच्या जुन्या घरात अर्थिंग धड नाही. तीन सिंगल कॉइल, म्हणजे एकेका वेटोळ्याचे पिकअप असलेली गिटार घेतली होती. अ‍ॅम्प चालू केला की अखंड घूं... तारांना हात लावला की कमी, सोडला की जास्त. सिंगल कॉइल पिकअप विजेची ५० हर्ट्झची भुणभुण पकडतं. हंबकर या दुसऱ्या प्रकारच्या पिकअपमध्ये उलट जोडलेली दोन वेटोळी असतात, त्यांत ती भुणभुण एकमेकींना खोडून टाकते. गिब्सनमध्ये सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास ते बनवलं, तेच यासाठी. तेव्हा ब्रिजपाशी (गिटारच्या अंगावर तारा टेकतात तिथे) एक हंबकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल अशीच गिटार घ्या. पॅसिफिका ०१२ तशी आहे. डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणं) लावणाऱ्या मुलासाठी तर हे फार महत्त्वाचं, कारण डिस्टॉर्शन भुणभुणही तितकीच वाढवतं. आणि आधी इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या, ते अ‍ॅम्पपेक्षा स्वस्त पडतं आणि जिवाच्या दृष्टीनेही बरं.

दुसरं पावसाळ्याचं. आमच्याकडे जूनपासून तारा गंजतात. वाजवून झालं की सुती फडक्याने प्रत्येक तार वरून-खालून पुसायची, बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या. दमट हवेत गळ्याचं लाकूडही हलतं, मे महिन्यात केलेला सेटअप ऑगस्टमध्ये तसाच राहत नाही. म्हणजे सेटअपचा खर्च एकदाच धरू नका, वर्षातून दोनदा धरा.

तिसरा मजला

माझं मत दोघांच्याही विरुद्ध आहे. अ‍ॅम्प घेऊच नका.

मुलगा अकरावीत जाणार. वाजवणार रात्री दहानंतर, क्लास आणि अभ्यास आटोपल्यावर. माझी मुलगी दोन वर्षं व्हॉक्सच्या अ‍ॅमप्लगवर वाजवते आहे. काडेपेटीएवढी गोष्ट, गिटारच्या जॅकमध्येच खोचायची, दोन बारीक सेल, हेडफोन लावला की झालं. रोज वाजवते, कारण कोणाची परवानगी लागत नाही. उरलेले सगळे पैसे गिटारला घाला. पॅसिफिका ११२ पर्यंत जाता येतं का बघा.

सहावी तार

@तिसरा मजला ताई, रोज वाजवते हे मोठंच आहे, त्याबद्दल तिचं मनापासून कौतुक. पण फक्त हेडफोनवर शिकलेल्या मुलांचा एक दोष मी शिकवताना नेहमी ऐकतो: न वाजवायच्या तारा ती बंद करत नाहीत. कानात सगळं गोड, सारखं येतं. स्पीकरवर थोडा आवाज वाढवला की मोकळ्या राहिलेल्या तारा घुमायला लागतात आणि मगच उजव्या हाताचा तळवा आपोआप खाली येतो. ही शिस्त हवेतला आवाजच लावतो.

तिसरा मजला

हे मला ठाऊक नव्हतं. तिच्या सरांनीही 'तारा बंद कर' असं दोनदा सांगितलंय, कारण आता कळलं. तरी रात्रीच्या वेळेचं उत्तर तुमच्याकडे नाही. हेडफोनचा जॅक असलेलाच अ‍ॅम्प घ्या, एवढं तरी माना.

मडगांवचो

लग्नांत, फेस्तांत बारा वर्षं वाजवलं. माझं म्हणणं एकच: जुनी घ्या. आमच्याकडे घराघरांत गिटार पडून असतात, मुलगा परदेशी गेला की आई विकून टाकते. नव्याच्या निम्म्या-पाऊण भावात चांगली मिळते, मग अ‍ॅम्पलाही पैसे उरतात आणि तुमचं भांडणच मिटतं.

पण बघून घ्या. गळ्याच्या कडेवरून बोट फिरवा, फ्रेटची टोकं टोचली तर सोडा. सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकदम दाबा आणि मध्ये बघा, पोस्टकार्डाच्या जाडीएवढी फट दिसली तर ठीक, बोट जाईल एवढी असेल तर गळा वाकलाय. गळ्यातल्या ट्रस रॉडने (आतली धातूची सळई) सरळ होतो, पण रॉड फिरतो का ते विचारा. बाराव्या फ्रेटवर हार्मोनिक (तार न दाबता नुसती स्पर्शून) वाजवा, मग तिथेच दाबून वाजवा, ट्यूनरवर दोन्ही एक आले पाहिजेत. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर. कंटाळा येतो, तरी करा. नॉब फिरवताना खरखर आली तर घाबरू नका, ते साफ होतं.

तरंगता, कुलपाचा ब्रिज (स्प्रिंगवर हलणारा, तारा स्क्रूने आवळलेला) असलेली मात्र घेऊ नका, कितीही स्वस्त मिळाली तरी. एक तार तुटली की बाकीच्या पाचही बेसूर होतात, मुलगा रडेल.

डोंबिवलीकर

जुनी घ्यायला मला हरकत नाही, पण बहिणीला आहे. तिला बिल आणि वॉरंटी हवी, आणि पैसे तिचे आहेत.

काल संध्याकाळी भाच्याला घेऊन दुकानात गेलो. सहावी तार यांनी सांगितलेली परीक्षा केली. एकच पॅसिफिका, आधी बॉस कटाना मिनी या छोट्या स्पीकरवाल्यावर, मग आठ इंचीवर. फरक आहे. मी नाही म्हणणार नाही. भाच्याने तळवा ठेवून सहाव्या तारेवर एक रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) वाजवली आणि माझ्याकडे वळून बघितलं, तेव्हाच कळलं.

तरी वाटणी मी पूर्ण बदलत नाही. तिथे एक १३ हजारांच्या आतली गिटारही त्याच्या हातात दिली होती. दहा मिनिटांत दोनदा ट्यून करावी लागली आणि तिसऱ्या तारेवर पाचव्या-सहाव्या फ्रेटला खडखड होती. असं ठरवलंय: पॅसिफिका ०१२ आणि नऊच्या (सगळ्यात बारीक तार ०.००९ इंचाची) बारीक तारा, बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची उंची दोन मिलिमीटरच्या आत आणून घेणार. अ‍ॅम्प हेडफोनच्या जॅकवाला, सहा इंचीचा. फेंडर फ्रंटमॅन १०जी आणि ऑरेंज क्रश १२ यांतला एक. आठ इंची बजेटमध्ये बसला नाही.

सहावी तार

क्रश १२ घ्या. डिस्टॉर्शन त्याचं जास्त बरं आहे आणि मुलगा रिफ वाजवतोय म्हणालात. अ‍ॅम्प जमिनीवर ठेवू नका, खुर्चीवर, कानाच्या रेषेत ठेवा, सहा इंची आहे हे अर्धं विसराल. वाटणी मला अजून चुकीचीच वाटते.

चिपळूणचा पाऊस

आणि केबलचे पैसे धरलेत का? तीन मीटरची, दोन्ही टोकांना धातूची पिन असलेली. प्लास्टिकची पहिल्याच महिन्यात वाकते.

डोंबिवलीकर

केबल राहिलीच होती. लिहून घेतली.