पंचमध्ये दमच नाही, काय करू?

सातारकर_६३: दादांनो, साताऱ्यात दीड वर्ष झालं बॉक्सिंग करतोय, वजन ६३, रोज १०० जोर मारतो तरी बॅगवर मारलं की नुसता फटफट आवाज येतो, पार्टनर तर हसतो राव. डंबेल वाढवू का?

तालमीतला: डंबेल सोड मर्दा. ताकद पायातनं येती, कंबरेतनं वर जाती, हात नुसता पोचवायला. क्रॉस (मागच्या हाताचा सरळ पंच) मारताना मागची टाच उचलून बाहेर फिरते का बघ, मोबाईलवर शूट कर. टाच चिकटून राहिली की कंबर फिरत नाही. आणि बॅग हलली म्हणजे पॉवर आली असं नाही, ती ढकलल्यावर पण हलते. पंच लागला की लगेच हनुवटीपाशी परत आला पायजे.

सांगलीची_वाघीण: खांदे सैल ठेव, मूठ लागायच्या क्षणालाच आवळ. मी आधीपासनंच आवळायचे, दोन राउंडात हात दगड. आणि मनगट सरळ, तर्जनी-मधल्या बोटाच्या गाठींवर बसू दे. माझं एकदा वाकलं तर तीन आठवडे भाकरी थापता येईना, आईनं बॉक्सिंगलाच शिव्या घातल्या.

तालमीतला: बरोबर. अजून एक, ३ किलोचा मेडिसिन बॉल भिंतीवर फेक, ५-६ वेळाच पण जीव खाऊन, मग दोन मिनिटं थांब. दमून फेकलास तर दमसास वाढेल, स्फोटक ताकद नाही. बॉल नसंल तर तालमीतला करेला (लाकडी मुदगल) घुमव, हलका घे आधी. अजिंक्यताऱ्याचा चढ तर फुकटच हाय.

सातारकर_६३: व्हिडिओ बघितला. टाच फेविकॉलनं चिकटवल्यागत 😂