मदत हवी आहे: ऊसतोडीहून परतलेल्या मुलांचा उन्हाळी वर्ग

बीड जिल्ह्यातल्या आमच्या गावात ऊसतोडीवरून परतलेल्या मुलांसाठी समाजमंदिरात सकाळी ७ ते ९ मोफत वर्ग घेतोय. (नंतर पत्रे तापतात, बसवत नाही.) दिवाळीपासूनची शाळा बुडालेली. इयत्ता न बघता वाचनाच्या पातळीनुसार गट केले, स्टोरीवीव्हर या मोफत गोष्टींच्या वेबसाइटवरच्या मराठी गोष्टी छापून दिल्या. लहान मुलं रमली.

अडलंय सहावी-सातवीच्या मुलांपाशी. जोडाक्षर आलं की थांबतात, आणि दुसरीतल्या पोरांशेजारी बसायची लाज वाटून यायचीच बंद होतात. "चिमणीच्या गोष्टी नकोत," एक मुलगी म्हणाली. तिचं बरोबरच आहे.

शिकवायला बारावी झालेल्या दोन ताई, खोली एकच, इंटरनेट बेभरवशाचं. जूनच्या मध्यावर शाळा उघडेल. मोठ्या मुलांना शोभतील असे सोप्या शब्दांतले मराठी उतारे कुठे मिळतील? आणि एकाच खोलीत त्यांचा गट कुणी कसा बसवलाय?