प्रतिसाद: दोन गोळ्यांची जोडी

मधुमेहाच्या दोन वेगळ्या गोळ्या घेतल्या की रक्तातली साखर दुप्पट उतरते, असं ज्या पोस्टला हा प्रतिसाद देतोय, तिच्यात लिहिलंय. तसा हिशोब नसतो. मेटफॉर्मिन ही गोळी यकृतातून रक्तात सुटणारी साखर कमी करतं. ग्लिमेपिराइड ही दुसरी गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. म्हणून या जोडीत वजन थोडं वाढू शकतं, आणि उपासाच्या दिवशी साखर एकदम खाली जाऊ शकते. माझ्या आईला एकादशीला दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. फार घाबरलो होतो आम्ही. मेटफॉर्मिनसोबत ग्लिमेपिराइडऐवजी डापाग्लिफ्लोझिन ही गोळी असेल तर साखर लघवीवाटे जाते, वजनही बहुधा 2-3 किलो उतरतं. पण तेव्हाही कडक उपास नको, रक्तात कीटोन (चरबी जळताना तयार होणारी आम्लं) वाढतात. उपासाआधी डॉक्टरांना जरूर विचारा, गोळी मनाने बंद करू नका.