टेल्युराइट काचेच्या झेड-स्कॅनमध्ये एन-टू ऋण का येतोय?

काचघर: टेल्युराइट काचेची १ मिमी जाडीची चकती झेड-स्कॅनला लावली आहे, म्हणजे ती लेझरच्या फोकसमधून सरकवत पुढच्या छिद्रातून येणारा प्रकाश मोजतोय. टायटेनियम-सफायर ऑसिलेटर, ८०० नॅनोमीटर, १०० फेमटोसेकंद, ८० मेगाहर्ट्झ, फोकसला ठिपक्याची त्रिज्या २० मायक्रॉन. नमुना भिंगाकडून डिटेक्टरकडे सरकवताना आधी शिखर येतं, मग दरी. म्हणजे एन-टू (प्रकाशाच्या तीव्रतेबरोबर अपवर्तनांक किती बदलतो तो आकडा) ऋण, आणि आकडा सिलिका काचेच्या हजारपट! पेपरात हे लिहायला हात धजत नाही. कुणी ही काच मोजली आहे का?

सह्याद्री_लेझर: पॉवर निम्मी करून बघ. शिखर-दरीतला फरकही निम्मा झाला, तर तो केर परिणामच, म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेनं थेट बदललेला अपवर्तनांक.

प्रकाशवाट: त्यानं काहीच ठरत नाही. साध्या शोषणातून येणारी उष्णताही पॉवरबरोबर निम्मीच होते.

काचघर, तुला दिसतंय ते उष्णतेचं भिंग आहे: तापलेली काचच भिंगासारखी वागते. तुझ्या दोन पल्समध्ये १२.५ नॅनोसेकंद जातात. २० मायक्रॉनच्या ठिपक्यातली उष्णता काचेत पसरायला शंभरेक मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्यात हजारो पल्स त्याच जागी येऊन पडतात. बऱ्याच टेल्युराइट काचांचा अपवर्तनांक तापल्यावर घटतो, म्हणून चिन्ह उलटं. खरा एन-टू धन असतो, सिलिकाच्या साधारण वीसपट.

१ किलोहर्ट्झचा अँप्लिफायर मिळाला तर उत्तम, दोन पल्समध्ये काच निवते. नाहीतर चॉपर (किरण ठरावीक वेळानं अडवणारी फिरती चकती) लाव, वेगवान डिटेक्टर घे, आणि झेडच्या प्रत्येक जागी चॉपर उघडल्यापासूनचा सिग्नल ऑसिलोस्कोपवर नोंदव. तो शून्य वेळेपर्यंत मागे नेलास की केरचा भाग उरतो.

मांडणी तपासायला आधी फ्यूज्ड सिलिका (शुद्ध सिलिका काच) मोज, हे मी हट्टानं सांगते. तिची १ मिमी चकती, दर चौरस सेंमीला १०० गिगावॅट, तर शिखर-दरीतला फरक ८ टक्क्यांच्या आसपास यायला हवा. कार्बन डायसल्फाइड इथे नको: त्याचे रेणू वळायला वेळ लागतो, त्यामुळे पिकोसेकंदाचा आकडा फेमटोसेकंदाला वापरलास तर दसपट चूक होते. असे आकडे एकदा छापले गेले की त्यावर विसंबून कुणीतरी फायबर ओढतं, आणि त्याची वर्षं वाया जातात.

काचघर: ताई, चॉपर लावला. उघडल्यावर सिग्नल हळूहळू सरकत जातो. शून्य वेळेला दरी आधी, शिखर नंतर! पण छिद्र काढून मोजलं तर फोकसपाशी खड्डा दिसतो.

प्रकाशवाट: ते द्विफोटॉन शोषण असणार, म्हणजे काच एका वेळी दोन फोटॉन शोषते, ४०० नॅनोमीटरच्या एका फोटॉनइतकी ऊर्जा. ४०० नॅनोमीटरला तुझ्या काचेची शोषणसीमा जवळच आहे. छिद्रासह घेतलेला आलेख छिद्राविना घेतलेल्यानं भाग, मगच एन-टू काढ. बीटाही (त्या शोषणाचा गुणांक) पेपरात दे.