१९९७ची बुलेट ३५० घ्यावी का? पाहायला गेल्यावर काय काय तपासू? (दारव्हा, यवतमाळ)

पऱ्हाटी_२९
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातला. बाजूच्या गावात १९९७ची बुलेट ३५० स्टँडर्ड विकायला आहे. जुनं बिडाचं इंजिन, पॉइंटवाली (ठिणगीसाठी इलेक्ट्रॉनिकऐवजी जुना यांत्रिक स्विच), उजव्या पायाचा गिअर, एमएच २९ पासिंग. ज्यांची होती ते काका परसाल वारले, तेव्हापासून गाडी कोठ्यात उभी आहे. काकू ६५ हजार म्हणतात. पोरगा म्हणतो, अधूनमधून चालू करून ठेवतो. टाकीवरच्या सोनेरी रेघा अजून जशाच्या तशा आहेत, पाहिल्यापासून मन तिथंच अडकलं आहे. माझ्याकडे स्प्लेंडर आहे, बुलेट कधी चालवली नाही. मला ही गाडी मिरवायला नको, यवतमाळ-पुसद फिरायला पाहिजे. आमच्याकडे बुलेटचा मिस्त्री नाही. रविवारी एकटाच जाणार आहे. नेमकं काय पाहू?

आर्वीचा_मिस्त्री
भाऊ, जायच्या आधी फोन करून एकच सांगजो: मी येईपर्यंत कोणी किक मारू नका. थंड इंजिन जे दाखवते ते गरम इंजिन लपवते. गेल्यावर पहिले सिलिंडरच्या फिनले (बाहेरच्या पट्ट्यांले) हात लाव. कोमट लागलं त बस, चहा घे, थंड होऊ दे.

मंग गाडी मधल्या स्टँडवर घे अन् खालची जमीन पाह्य. या इंजिनातून थोडं तेल पाझरतेच, त्याले भिऊ नको. कुठून पाझरते ते महत्त्वाचं. डावीकडच्या क्लच-कव्हरखाली थेंब असन त पॅकिंगचं काम, स्वस्तात होते. पण क्रँककेसवर वेल्डिंगचा डाग दिसला त थांबजो. चेन तुटून केस फुटलेली असते अन् रंग मारून झाकलेली असते. तिथं टॉर्च मारून, चिंधीनं पुसून पाहजो.

तेलाचं एक नीट समजून घे. या इंजिनात तेलाची टाकी केसच्या मागच्या भागातच आहे. गाडी बरेच दिवस उभी राहिली की तेल हळूहळू पुढं क्रँकच्या खोलीत उतरते. टाकीत तेल कमी दिसते, मालक वरून अजून ओतते, अन् चालू केल्यावर सायलेन्सरमधून ढग निघते. घेणारा घाबरून पळते. तो धूर काही मिनिटांत विरला त इंजिनचा दोष नाही. गरम झाल्यावरही रेस दिली की निळा धूर येतच असन त रिंगा-पिस्टन गेले. उतारावर थ्रॉटल बंद ठेवून परत उघडल्यावरच भपकन धूर आला त व्हॉल्व्ह गाइड.

आता किक. चावी बंद ठेव अन् किकवर हळूहळू वजन टाकून उभा राह्य. इंजिन चांगलं असन त तुले थोडा वेळ तोलून धरीन, मंग सावकाश सोडीन. किक सुर्रकन खाली गेली अन् आत इंजिन फिरलंच नाही, त क्लच सरकते. इंजिन फिरलं पण दाबच नाही, त डिकॉम्प्रेशनची (सिलिंडरातला दाब सोडणाऱ्या खटक्याची) केबल जास्त ताणलेली नाही ना ते पहिले पाहजो. कधीकधी सारा दोष तेवढाच असते अन् माणूस रिबोअरचा (सिलिंडर आतून कोरायचा) खर्च धरून भाव पाडून मागते.

चालू कसं करायचं तेही सांगतो, नाहीत किक उलटून घोटा सुजन. चावी चालू कर, किक हळू दाबत जाय, ॲमीटरचा (बॅटरीचा करंट दाखवणाऱ्या घड्याळाचा) काटा मधोमध आला की थांब. डिकॉम्पचा खटका दाबून किक जराशी पुढं ने, खटका सोड, किक वर येऊ दे, मंग पूर्ण लाथ. काटा हलतच नसन त बॅटरी, वायरिंग नाहीत पॉइंट पाहावे लागतीन.

आवाजात टॅपेटच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांच्या) टकटकीले भिऊ नको. उजवीकडचं छोटं कव्हर काढून, थंड इंजिनावर व्हॉल्व्ह बंद असताना पुशरॉड (आतल्या उभ्या दांड्या) बोटांनी फिरले पाहिजेत, वरखाली हलले नाही पाहिजेत. दहा मिनिटांचं काम. खरा ठोका बुडातून येते. तिसऱ्या गिअरात सावकाश चालवत एकदम रेस दे. जड धप्प-धप्प ऐकू आलं त कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग संपलं. म्हणजे सारं इंजिन उघडणं आलं. ती गाडी सोडून दे, नाहीत तो खर्च वजा करून माग.

कोठ्यात उभी होती म्हणतो, म्हणून अजून एक. बाजूले युरियाची पोती रचलेली असत का, ते काकूंले विचार. खताच्या ओलीनं रिम, स्पोकच्या निपला अन् टाकीचं बूड खाल्लं जाते. टाकीचं झाकण उघडून आत टॉर्च मार. रेघा वरून किती का सुंदर असत ना, टाकीचं आयुष्य आतून ठरते. सीटखाली अन् हेडलाइटच्या आत उंदरानं वायरी कुरतडल्या का तेही पाह्य.

चालवताना: पहिला गिअर वर, बाकीचे तीन खाली, अन् ब्रेक डाव्या पायाले. स्प्लेंडरच्या सवयीनं घाईत उजवा पाय दाबशीन अन् ब्रेकच्या जागी गिअर पडन. पहिले मोकळ्या रस्त्यावर सवय कर, मंगच गावातून आण.

अंबानगरीकर
मिस्त्रीभाऊंनी इंजिनचं सांगितलं, मी कागदांचं सांगतो. काकांच्या नावावरची गाडी काकूंच्या सहीनं थेट तुमच्या नावावर होत नाही. आधी फॉर्म ३१ भरून ती वारसाच्या नावावर करावी लागते. मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती लागेल. पोरगा, असतील तर मुली, सगळ्यांशी आत्ताच बोलून घ्या. त्यानंतर तुमच्या नावावर करायला फॉर्म २९ आणि ३०.

१९९७च्या गाडीची पहिली १५ वर्षं २०१२लाच संपली. पुढचं नूतनीकरण ५-५ वर्षांचं असतं. ते राहिलं असेल तर फॉर्म २५, आरटीओत गाडी नेऊन तपासणी आणि पर्यावरण कर, वर उशिराचा दंड. पुस्तकी आरसी असेल तर परिवहन खात्याच्या ‘वाहन’ पोर्टलवर नंबर टाकून पाहा. नोंद दिसत नसेल तर आधी आरटीओत तिची बॅकलॉग नोंद (जुनी नोंद संगणकात चढवणं) करून घ्यावी लागेल. आरसीवर जुन्या कर्जाचा बोजा असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र. आणि चासी नंबर, इंजिन नंबर आरसीशी एकेक आकडा जुळवा. या गाड्यांच्या केस पूर्वी बऱ्याच बदलल्या गेल्या आहेत. इंजिन दुरुस्त होतं हो, पण न जुळणारा नंबर कुठलाच मिस्त्री दुरुस्त करू शकत नाही.

दिग्रसवाला
घ्यायची तर घ्या, पण स्प्लेंडर विकू नका. दीड क्विंटलच्या वरची गाडी जुलैत काळ्या मातीच्या पांदणीत रुतली की एकट्यानं निघत नाही. आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आहे. त्या काळचे रबरी पाइप, पेट्रोल कॉकचे वॉशर त्यासाठी बनलेलेच नव्हते. घेतल्या घेतल्या बदला, आणि टाकी अर्धी ठेवून महिनोन्‌महिने उभी करू नका, आतून गंज धरते.

पऱ्हाटी_२९
सगळ्यांचे आभार. आज पाहून आलो. इंजिन थंडच होतं. किकवर उभा राहिलो, चांगलं धरलं. पहिल्यांदा खूप धूर निघाला, नंतर विरला, गरम झाल्यावर रेस दिली तरी आला नाही. बुडातून ठोका नाही. टाकी आतून जरा तांबूस आहे, पण गळत नाही. नंबर जुळले. पण दुसऱ्या गिअरमधून सुटून न्यूट्रल पडते. आणि आरसीचं नूतनीकरण २०१७पर्यंतचंच आहे. काकू ५८वर आल्या.

आर्वीचा_मिस्त्री
इंजिन चांगलं निघालं भाऊ, मनापासून आनंद झाला. दुसरा गिअर सुटते त पहिले गिअरबॉक्सवरची बाहेरची ॲडजस्टिंग पाहून घे, बरेचदा तेवढ्यानं बसते. नाही बसलं त आतल्या गिअरचे दात झिजले. पण या गाडीचा गिअरबॉक्स इंजिनपासून वेगळा आहे. इंजिन न उतरवता उजव्या बाजूनं उघडता येते. तो खर्च अन् आरटीओचा खर्च धरून ५० मागजो. काकूंशी घासाघीस करू नको, कागदावर हिशोब मांडून दाखव. अन् सौदा जमला तरी आज फक्त इसार दे. फॉर्म ३१चं काम होऊन गाडी काकूंच्या नावावर आली की बाकीचे पैसे. तोवर गाडी त्यांच्याच कोठ्यात राहू दे, फक्त पोत्यांपासून दूर उभी करायले सांग.