घरशाळा आणि घरातले संस्कार: सुरुवात कशी करावी? सल्ला हवा आहे

मोगरा:
नमस्कार मंडळी. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. यंदापासून मुलीला शाळेतून काढून घरीच शिकवायचं असं आम्ही दोघांनी ठरवलंय. शाळेबद्दल तक्रार नाही. आमचं घर वारकरी, आजेसासऱ्यांपासून माळ आहे. पण मुलगी सकाळी अंधारात बाहेर पडते, संध्याकाळी दमून येते आणि हरिपाठ सुरू होईपर्यंत झोपलेली असते. आजोबांचा आवाज तिच्या कानावर फक्त सुट्टीत पडतो, ते मला फार लागतं.

वेळापत्रक केलंय. रोज सकाळी ४५ मिनिटं संस्कारांचा तास: सोमवारी मनाचे श्लोक, मंगळवारी गीता, बुधवारी हरिपाठ, असं. वर्षभरात मनाचे श्लोक पूर्ण पाठ व्हावेत अशी इच्छा आहे. हे जमण्यासारखं आहे का? आधी काय घ्यावं, नंतर काय? आणि पुढे दहावीचं काय करतात? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

जुनी पाटी:
मोगराताई, निर्णयाबद्दल मनापासून शुभेच्छा. माझा मुलगा आता पंधराचा आहे, सहाव्या वर्षापासून घरीच शिकतोय. एकच सांगते, वेळापत्रकातला तो संस्कारांचा तास आधी खोडा.

मीही हेच केलं होतं. २०५ श्लोक, वर्षाचा हिशेब, भिंतीवर तक्ता, पाठ झालेल्या श्लोकापुढे चांदणी. साठेक श्लोक झाले तेव्हा एका संध्याकाळी लक्षात आलं की दिवा लावल्यावर तो हात जोडून उभा राहतो, ओठ हलतात, पण आवाजच येत नाही. मी हात हातात घेतला तर तळवे घामाने ओले. देवासमोर उभं राहायला माझं लेकरू घाबरत होतं, आणि ती भीती मी घातली होती. त्या रात्री तक्ता काढला.

पुढचे सहा महिने त्याच्याकडून एक अक्षरही म्हणवून घेतलं नाही. मी मात्र वाती वळताना, कपड्यांच्या घड्या घालताना मोठ्याने म्हणत राहिले. एक दिवस आतल्या खोलीतून आवाज आला, "आई, एक ओळ गाळलीस." मी जागच्या जागी बसले आणि रडले.

मग त्यालाच लय सापडली. मनाचे श्लोक भुजंगप्रयात वृत्तात आहेत: लघु, गुरु, गुरु, असं चार वेळा, ओळीला बारा अक्षरं. तो टेबलावर एक छोटी टिचकी आणि दोन लांब थापा मारत ओळ मोजायचा. एखाद्या ओळीत मात्रा चुकली की थाप अडखळायची आणि तो स्वतःच मागे जायचा. वृत्तं, गण, ऱ्हस्व-दीर्घ हे सगळं व्याकरण त्या टेबलावर झालं, मला वेगळं शिकवावं लागलं नाही.

तुमच्या घरी तर आजोबा रोज हरिपाठ म्हणतात! याहून मोठी शाळा कुठली? मुलीला दुपारी झोपू द्या आणि संध्याकाळी त्यांच्याशेजारी टाळ घेऊन बसवा. ज्ञानेश्वरांचे हरिपाठाचे अभंग सत्तावीसच आहेत. कानावर पडून वर्षभरात सहज मुखोद्गत होतात, पाठ करवून घ्यावे लागत नाहीत.

संथा:
वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत, फक्त पाठांतराची बाजू मांडतो. लहानपणी मी काही वर्षं वेदपाठशाळेत होतो. तिथली संथा घेण्याची पद्धत घरीही चालते: गुरुजी एकदा म्हणणार, शिष्याने दोनदा म्हणायचं. पोथी समोर नाही, नजर गुरुजींच्या तोंडाकडे. दहा मिनिटांच्या वर नको. पोथीतून वाचून पाठ केलेलं आणि कानाने घेतलेलं यात फरक पडतो, उच्चार कानानेच बसतात.

मुलांना घनपाठाचा क्रमही खेळ म्हणून फार आवडतो. ओळीतले पहिले तीन शब्द घ्या आणि १-२, २-१, १-२-३, ३-२-१, १-२-३ असे म्हणा. एक अक्षर इकडचं तिकडे होऊ नये म्हणून आपल्या पूर्वजांनी केलेली ही योजना आहे. वेदपठणाची परंपरा युनेस्कोच्या २००८ च्या यादीत आहे, ती या तोंडी शिस्तीमुळे. घरी मंत्रांवर हा प्रयोग करू नका, तो गुरूंकडूनच शिकायचा. साध्या सुभाषितावर करा.

गीता घ्यायची तर बारावा किंवा पंधरावा अध्याय आधी, दोन्ही वीस-वीस श्लोकांचे. अर्थासाठी विनोबांची गीताई. त्यांनी ती आईसाठी लिहिली, कारण आईला संस्कृत कळत नव्हतं. हे मुलीला आधी सांगा. माझ्या मुलीने ते ऐकल्यावर पुस्तक स्वतःहून उचललं.

आणखी एक. मुलीला शिकवलेलं धाकट्याला तिनेच द्यावं. ज्ञानोबांचे गुरू म्हणजे त्यांचे थोरले भाऊ निवृत्तिनाथ. थोरल्याने धाकट्याला देण्याची रीत तुमच्या परंपरेतच आहे.

नियमावली:
कागदपत्रांचं लिहितो, कारण पालक याकडे उशिरा वळतात आणि मग धावपळ होते.

२००९ चा शिक्षण हक्क कायदा (लागू १ एप्रिल २०१०) सहा ते चौदा वयासाठी आहे. कलम १० नुसार मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, पण पालकाला दंडाची तरतूद त्यात नाही. घरशाळेचा उल्लेखच नाही. २०१२ च्या दुरुस्तीने वेदपाठशाळा, मदरसे आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था कायद्याबाहेर ठेवल्या. ती सवलत संस्थांना आहे, घराला नाही, हा गोंधळ करू नका.

परीक्षेसाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था. तिथे मुक्त मूलभूत शिक्षणाचे तीन स्तर आहेत: तिसरी, पाचवी आणि आठवीच्या बरोबरीचे. दहावीला किमान वय १४, परीक्षा वर्षातून दोनदा, नोंदणी पाच वर्षं टिकते, त्यामुळे विषय सुटे सुटे देता येतात. मराठी माध्यम आहे. विषयांत वेद अध्ययन, संस्कृत व्याकरण, भारतीय दर्शनही आहेत. राज्य मंडळाची दहावी हवी असेल तर १७ नंबरचा फॉर्म, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून परीक्षेला बसण्याचा अर्ज. त्यासाठी शाळा सोडल्याचा दाखला लागतो, म्हणून मुलीला काढताना तो मूळ प्रतीत घ्या आणि जपून ठेवा.

मोगरा:
सगळ्यांचे खूप आभार. जुनी पाटी, तुमचा प्रतिसाद मी यांना वाचून दाखवला, दोघेही बराच वेळ गप्प होतो.

दोन शंका. परवा सासूबाई मुलीला ग्रहणात राहू चंद्राला गिळतो ही गोष्ट सांगत होत्या आणि त्याच दिवशी मी पृथ्वीची सावली शिकवली होती. मुलगी मला विचारते, खोटं कोण बोलतंय? आणि मित्रमैत्रिणींचं काय करता?

सामायिक:
आम्ही जैन, पण अडचण तीच होती म्हणून लिहिते. सामायिक म्हणजे एका जागी स्थिर बसून करायची आमची साधना, ४८ मिनिटांची. लहान मूल तेवढं एका जागी बसत नाही. आम्ही नवकार मंत्रापासून सुरुवात केली. मांडीवर मूल आणि मी स्थिर, एवढंच. बसायची सक्ती नाही, पण माझं बसणं एकही दिवस चुकलं नाही. आता आठ वर्षांची लेक बाजूला स्वतःचं आसन टाकते. मैत्रीसाठी रविवारची पाठशाळा आणि रोज संध्याकाळचं मैदान. मैदानावर सगळ्या धर्मांची मुलं असतात, ते आम्ही मुद्दाम ठेवलंय. श्रद्धा घरात पक्की असेल तर बाहेर मन मोठं राहतं.

जुनी पाटी:
ग्रहणाचं उत्तर आपल्याच परंपरेत आहे. ग्रहण सावलीमुळे होतं हे आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्ये लिहून ठेवलंय. आणि आपल्या गणितात राहू-केतू म्हणजे चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाला जिथे छेदतो ते दोन बिंदू. आजीची गोष्ट गोष्ट म्हणून ऐकायची, गणित गणित म्हणून करायचं. मुलीला सांगा, खोटं कोणीच बोलत नाहीये. पण सासूबाईंना तिच्यासमोर कधीही चूक ठरवू नका.

याच्याच जोडीला एक वही सुरू करा. रोज रात्री चंद्र काढायचा आणि पंचांगातून तिथी लिहायची. चंद्र सूर्याच्या १२ अंश पुढे गेला की एक तिथी. ती कधी १९ तासांची, कधी २६ तासांची. चौथ्या महिन्यात मुलगा धावत आला, "आई, आज एक तिथी गायबच झाली!" दोन सूर्योदयांच्या मध्येच ती सुरू होऊन संपली होती. मग अपूर्णांक, कोन, ३५४ आणि ३६५ दिवसांतला फरक, अधिक महिना का येतो, सगळं त्या एका प्रश्नातून निघालं. आमची गणिताची दोन वर्षं त्यावर गेली.

मोगरा:
वेळापत्रक फाडलं. दाखल्यासाठी सोमवारी शाळेत जातेय. आज मुलगी दुपारी झोपली आणि आत्ता आजोबांच्या शेजारी बसलीय, टाळ उलटा धरलाय. सासरे काही बोलले नाहीत, त्यांनी फक्त स्वतःचा टाळ तिला दिसेल असा जरा वर धरला. वही उद्या आणते. आज चतुर्थी आहे, चंद्र उशिरा दिसेल, तिला जागं ठेवू का?

जुनी पाटी:
ठेवा. गच्चीवर न्या, आणि आजीलाही बरोबर घ्या.