नव्या पुलाने काम पलीकडे जाणार नाही का? विंडसर-डेट्रॉईटच्या युनियननी पाठिंबा का दिला?

चाकणचा_फिटर
मंडळी, मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कंपनीत फिटर आहे आणि युनियनच्या कमिटीवरही आहे. आमच्याकडे मोठा रस्ता होणार म्हटलं की गेटवर पहिली चर्चा हीच: माल ने-आण सोपी झाली, आता मालक स्वस्त मजूर मिळतील तिकडे लाईन हलवणार. कॅनडातलं विंडसर आणि अमेरिकेतलं डेट्रॉईट यांना जोडणाऱ्या गॉर्डी हाऊ पुलाच्या बाजूने तर युनियन उभ्या राहिल्या म्हणे. पलीकडे देश वेगळा, कायदा वेगळा, पगार वेगळा. त्यांना भीती नाही वाटली? तिकडे काम करणाऱ्या कुणी तरी सांगा.

विंडसरवासी
दादा, मी विंडसरच्या एका प्रेस शॉपमध्ये आहे, युनिफॉर युनियनचा सभासद. आमचे भाग नदीपलीकडे, डेट्रॉईट ज्या राज्यात आहे त्या मिशिगनमधल्या प्लांटला जातात आणि पुढच्या शिफ्टमध्ये गाडीला लागतात. गोदामात साठा ठेवण्याची पद्धतच नाही. त्यामुळे ट्रक अडला की लाईन अडते आणि लाईन अडली की माणूस घरी.

इथला जुना अँबेसेडर पूल 1929 चा, चार लेनचा, आणि एका कुटुंबाच्या मालकीचा. कॅनडा-अमेरिका मालवाहतुकीतला जवळपास पाव हिस्सा या एका पुलावरून जातो. विंडसरच्या बाजूला तर महामार्गावरून येणारे ट्रक भर वस्तीत, सिग्नलमागून सिग्नल घेत पुलापर्यंत पोचतात.

फेब्रुवारी 2022 मध्ये कोविडच्या लससक्तीच्या विरोधात आंदोलकांनी हा पूल जवळजवळ आठवडाभर बंद पाडला. दोन्ही देशांतल्या मोटार कंपन्यांनी शिफ्ट कापल्या. आम्हालाही दुपारी निरोप आला, उद्या येऊ नका. पगार बुडाला तो बुडालाच. तेव्हा रस्ता मोकळा करा असं युनिफॉरने जाहीरपणे सांगितलं. टीमस्टर्स ही ट्रकवाल्यांचीच युनियन, पण तिनेही त्या नाकेबंदीचा निषेध केला. दुसरा पूल कशाला हवा, हे त्यानंतर आमच्या प्लांटमध्ये कुणाला समजावावं लागलं नाही.

काम पलीकडे जाण्याची तुमची भीती खोटी नाही. पण मोटारीच्या धंद्यात ही सीमा 1965 च्या ऑटो करारानेच उघडी झाली (गाड्या आणि भाग आयात कराशिवाय नेण्याचा कॅनडा-अमेरिका करार), एकेक भाग गाडीत बसेपर्यंत अनेकदा नदी ओलांडतो. ऑक्टोबर 2025 मध्ये कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या कारखान्यासाठी ठरलेली जीप कंपास गाडी अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात न्यायची घोषणा झाली, ती काही पुलामुळे नाही. त्यामागे अमेरिकेचं टॅरिफ, म्हणजे आयात कर, होतं. काम कुठे जाणार हे करारात आणि कायद्यात ठरतं, म्हणून भांडण तिथे करायचं. पूल नको म्हणून आमची एकही नोकरी वाचली नसती.

सुषमा_डेट्रॉईट
मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. या पुलावर माझं काम नव्हतं, पण 2012 चं राजकारण डोळ्यांसमोर घडलं. जून 2012 मध्ये मिशिगन राज्याचे गव्हर्नर रिक स्नायडर यांनी कॅनडाशी पुलाचा करार केला. जुन्या पुलाच्या मालकांनी 3 कोटी डॉलरच्या वर खर्च करून नोव्हेंबरमध्ये त्याविरुद्ध जनमताचा प्रस्ताव आणला. तो सुमारे 60 टक्के मतांनी पडला. बांधकाम कामगारांच्या युनियन पुलाच्या बाजूने होत्या, कारण वर्षानुवर्षांचं काम समोर दिसत होतं.

आणि डिसेंबरमध्ये त्याच स्नायडर यांनी 'राइट टू वर्क' कायद्यावर सही केली. म्हणजे युनियनने केलेल्या कराराचा फायदा घ्यायचा, पण वर्गणी द्यायची सक्ती नाही. त्याविरुद्ध राज्याच्या राजधानीत, लान्सिंगला, हजारो कामगार जमले होते. मला यातली युनियनची समज फार मोलाची वाटते: पुलावर या माणसाशी एकमत, हक्कावर त्याच्याशी लढा, आणि एकासाठी दुसरं सोडलं नाही. तो कायदा 2023 मध्ये रद्द करून घेतला.

करारात एक कलम होतं, लोखंड-पोलाद अमेरिकेचं किंवा कॅनडाचंच वापरायचं. 6.4 अब्ज कॅनेडियन डॉलरच्या कामात या एका ओळीची किंमत तुम्ही ओळखाल.

चाकणचा_फिटर
ताई, हे कलमाचं उपयोगी आहे. आमच्याकडे रस्त्याचं काम निघतं तेव्हा कंत्राटदार माणसं बाहेरून आणतो आणि ज्यांची जमीन गेली त्यांची पोरं बघत राहतात. तिकडे जागा गेलेल्यांचं काय झालं?

सुषमा_डेट्रॉईट
डेट्रॉईटच्या बाजूला डेलरे नावाची गरीब वस्ती होती, तिथली बरीच घरं गेली. उरलेल्यांना धूळ आणि ट्रकचा त्रास. रहिवाशांनी अनेक वर्षं पाठपुरावा केला तेव्हा स्थानिकांना काम, प्रशिक्षण, घरांची दुरुस्ती हे कम्युनिटी बेनिफिट्स प्लॅनमध्ये, म्हणजे प्रकल्पातून स्थानिकांना काय मिळेल याच्या आराखड्यात, आलं. गेलेल्या शेजाराची भरपाई त्यात होत नाही, आणि मिळालं ते पुरेसं होतं असं मी म्हणणार नाही.

विंडसरवासी
दादा, कमिटीत विषय नेणार असाल तर स्थानिक भरतीची अट टेंडर निघायच्या आधी मागा. इथे ती जबाबदारी कंत्राटदाराच्या करारातच घातली होती. एकदा मशिनं उतरली की कुणी ऐकत नाही. आणि जमीन गेलेल्यांना त्या बैठकीला सोबत न्या, फक्त युनियनचे लोक नकोत.